कापूस सुधारायचा, पण खर्च कोणी सोसायचा?

प्रश्न (चोपडा): आमच्या शेतकरी गटाला एका खरेदीदाराने कमी फवारणी, वेचणाऱ्या महिलांना योग्य मजुरी आणि बालमजुरी नाही, अशा अटी घातल्या आहेत, दर मात्र बाजाराचाच. असे सहकार्य टिकते का?

उत्तर (शिरपूर): भाऊ, केवळ अटी लादणे याला सहकार्य म्हणता येत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार दगावले, त्यानंतर तिथून कपडे घेणाऱ्या कंपन्या व कामगार संघटनांनी केलेला सुरक्षा करार प्रभावी ठरला, कारण तो कायद्याने बंधनकारक होता आणि कारखान्यांच्या दुरुस्तीला पैसा मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कंपन्यांवरही होती. तुम्हीही खरेदीचे प्रमाण आणि वाढीव दर लेखी मागा.

उत्तर (धुळे, जिनिंग म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याचा व्यवसाय): सहमत आहे. मात्र खरी गळती आमच्याकडे होते, हेही मान्य करतो. बेटर कॉटनसारख्या, जबाबदारीने पिकवलेल्या कापसाला मान्यता देणाऱ्या योजनेत जिनिंगपर्यंत कापूस वेगळा ठेवावा लागतो. हंगामाच्या गर्दीत ढीग एकत्र झाले, की तुमची मेहनत नोंदीतून पुसली जाते. वेचणीला प्लास्टिकच्या गोण्यांऐवजी सुती कापड वापरा. त्या गोण्यांचे धागे रुईत मिसळले की सूतगिरणी गठाणी नाकारते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वेचणाऱ्या ताईंनाही बोलणीला बसवू. त्यांच्या मजुरीचा आकडा आजवर आम्हीच परस्पर ठरवत आलो.