टीसाइडचा गॅस प्रकल्प: राखीव वीज की बारमाही?

प्रश्न
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टीसाइड येथे 742 मेगावॉटपर्यंत क्षमतेचा गॅसवरील वीजप्रकल्प उभा राहत असून, त्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून उत्तर समुद्राच्या तळाखाली साठवला जाणार आहे. वारा पडला की हाताशी असावी अशी वीज, असे त्याचे समर्थन केले जाते. मात्र वर्षाला 20 लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड पकडायचा, तर एका युनिटमागे 350 ते 400 ग्रॅम धरून प्रकल्प सात हजारांहून अधिक तास चालवावा लागेल. वर्षाचे तास 8,760. मग राखीव कसली?

प्रतिसाद 1
हिशेब बरोबर आहे, फक्त 20 लाख ही कमाल मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये अशा प्रकल्पांशी होणाऱ्या करारात वीज विकण्याखेरीज सज्ज राहण्याबद्दलही पैसे मिळतात, ते याच अडचणीमुळे. गॅस टर्बाइनच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 4 टक्के असतो, कोळशाच्या धुरात 12 ते 14. त्यामुळे अवाढव्य मनोऱ्यातून धूर अमाइनच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या, द्रावणात धुवायचा आणि ते द्रावण सुमारे 120 अंशांपर्यंत तापवून वायू सोडवायचा. त्यासाठीची वाफ वीजनिर्मितीतूनच वळवली जाते. एवढी महागडी यंत्रणा वर्षातले थोडेच दिवस चालली, तर पकडलेला प्रत्येक टन महाग पडतो.

प्रतिसाद 2
धुरांड्याइतकेच लक्ष गॅसच्या विहिरीकडे आणि पाइपलाइनकडे हवे. 95 टक्के पकड साधली, तर धुरांड्यातून युनिटमागे सुमारे 20 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटेल. पण वाटेत अवघी एक टक्का गॅसगळती झाली, तर गळणारा मिथेन (या गॅसचा मुख्य घटक, कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त उष्णता अडवणारा) शंभर वर्षांतला तापमानवाढीचा परिणाम धरून युनिटमागे सुमारे 40 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो, आणि वीस वर्षांचा हिशेब धरल्यास शंभर ग्रॅमांच्या वर जातो. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा या कोळसा प्रकल्पात तर कॅप्चर (कार्बन पकडणाऱ्या) यंत्रणेसाठी वेगळे गॅस टर्बाइन बसवले होते आणि त्याचा धूर तसाच हवेत सोडला जात होता!

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. आपल्या अंजनवेलच्या, म्हणजे दाभोळच्या प्रकल्पाला हे लागू पडेल का?

प्रतिसाद 1
तिथे गाडे आधीच अडते. सुमारे 1,967 मेगावॉटचा तो प्रकल्प परवडणाऱ्या गॅसअभावी वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चाललेला नाही, आणि कॅप्चर बसवल्यावर तेवढ्याच विजेसाठी आणखी गॅस जाळावा लागेल.