जेलमधल्या दवाखान्याची तपासणी नेमकी कोण करतं?

रानवाट: माझा मामा अंडरट्रायल आहे, शुगर खूप वाढलेली. गोळ्या मिळतात म्हणतो, पण तपासणीला बाहेरच्या हॉस्पिटलात न्यायचं तर पोलीस एस्कॉर्ट नाही म्हणून दरवेळी तारीख पुढे. बाहेरचं कुणी येऊन हे बघतं की नाही? फार काळजी वाटते.

चिंचपाणी: बघायलाच हवं. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये, म्हणजे जेलच्या नमुना नियमावलीत, बोर्ड ऑफ व्हिजिटर्स आहे, जेलला भेट देऊन पाहणी करणारं मंडळ, त्यात जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर वगैरे. पण नुसतं औषधांचं कपाट बघून काय कळणार, रजिस्टर काढा, डॉक्टरने रेफर कधी केलं आणि माणूस प्रत्यक्षात कधी गेला या दोन तारखा शेजारी ठेवा, तिथेच सगळं उघडं पडतं.

काळाकोट: शिवाय जेलरसमोर कोण कैदी तोंड उघडेल? कैद्यांच्या वागणुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम आहेत, त्यातल्या नियम ८४ मध्ये तपासणी करणाऱ्याला कैद्याशी एकांतात बोलायचा अधिकार दिलाय, तो वापरलाच पाहिजे. मामांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, वकील फुकट मिळतो, त्याच्यामार्फत कोर्टाला जेलकडून मेडिकल रिपोर्ट मागवायला सांगा.

रानवाट: थँक्यू, सोमवारीच जातो. घरी जुने शुगरचे रिपोर्ट आहेत ते चालतील का?

काळाकोट: हो, झेरॉक्स काढून अर्जाला जोडा.