गवे लाळ्या-खुरकूत आणतात, मग नुकसानभरपाई कोण देणार?

वारणाकाठ (शिराळा): चांदोलीच्या जंगलाकडेच्या गावांत गवे रात्री उसात उतरतात. पीक तुडवतात ते वेगळंच, पण आमच्या गुरांना लाळ्याही, म्हणजे तोंडाखुरांचा साथीचा रोग, तेच देतात, असं माझं ठाम मत आहे. ज्या ओढ्यावर गवा पाणी पितो तिथंच आमच्या म्हशी. बिबट्यानं वासरू मारलं तर वनखातं भरपाई देतं. लाळ्यानं गाय गेली तर कुणाच्या दारात जायचं? जंगलाला कुंपण घाला.

कोयनामाई (पाटण): दादा, रोग बहुतेक वेळा उलट्या वाटेनं जातो. लाळ्या दुभंगलेल्या खुरांच्या सगळ्या जनावरांना होतो, गवा-सांबर-रानडुक्कर कुणी सुटत नाही. पण त्याला जिवंत ठेवतात आपले गोठे आणि बाजार. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या बैलगाड्या जिल्ह्याबाहेरून येतात. त्यातला एखादा बैल तोंडातून तारा गाळत आला, की ती लाळ गव्हाणीला, वैरणीला, आपल्या चपलेला लागते. आणि लक्षणं दिसायच्या आधीच तो विषाणू सोडायला लागलेला असतो. 1968 साली बंदीपूर-मुदुमलैच्या रानात बुळकांडीनं (रिंडरपेस्ट, गुरांचा जीवघेणा साथरोग) गव्यांचे कळप साफ झाले. पाळीव गुरांचाच रोग तो.

गोठेवाला (वाळवा): पटतं, पण अर्धंच. एकदा गव्याला झाला की तो परत आणणारच की! त्याला लस कोण टोचणार?

कोयनामाई: बुळकांडीच्या वेळी तरी गव्याला कुणी टोचलं होतं? गुरांनाच टोचलं, आणि 2011 मध्ये जगातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. लाळ्याचं एवढं सोपं नाही, हे मान्य. विषाणूचे प्रकार अनेक, आणि लशीचा जोर काही महिन्यांत उतरतो, म्हणून वर्षातून दोनदा टोचायची. नवीन गाय आणली तर तीन आठवडे वेगळी बांधा. आजारी जनावर ओढ्यावर सोडू नका, गव्याचा जीवही तिथंच जातो.

वारणाकाठ: टोचलं की दोन दिवस दूध घटतं, म्हणून लोक गुरं लपवतात, हे मी डोळ्यांनी बघतो. त्यांना मीच समजावीन. पण डोंगरातल्या वस्तीवर लस थंड पेटीतून वेळेत पोचते का, ते कुणी बघायचं? पावसाळ्यात रस्ताच नसतो. ते होईपर्यंत कुंपणाची मागणी मी सोडणार नाही.

गोठेवाला: कुंपणानं गवा अडेल, ऊसतोडीचा बैल नाही. लसटोचणीच्या नोंदीशिवाय कुणाचाच बैल गावात घ्यायचा नाही, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा. मी आमच्याकडं मांडतोय.