आयटीआयच्या सरांनी हाताला लावलेलं वळण : तुमचेही अनुभव लिहा

गॅरेजवाला_धनकवडी
परवा गॅरेजात नवीन आलेल्या पोराने बाईकचं क्लच कव्हर खोलायला घेतलं. मी काही सांगायच्या आत गड्याने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर कव्हरचा आकार काढला, भोकं पाडली आणि निघेल तो बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी खोचत गेला. कुठं शिकलास म्हटलं, तर "आयटीआयला, सरांनी."

मी औंध आयटीआयचा, मोटार मेकॅनिक, नव्वदीतली बॅच. आमचे सरही असाच पुठ्ठा करायला लावायचे. कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीला कमीजास्त असतात. आखूड बोल्ट खोल भोकात गेला की दोन-चार आट्यांवरच धरतो आणि पुढच्या वेळी ॲल्युमिनियमचे आटेच सोलून बाहेर येतात. मग बसा वेल्डिंगवाल्याकडे हेलपाटे घालत.

सरांची दुसरी सवय म्हणजे पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न. "गाडी आवाज करते" एवढ्यावर ते बॉनेट उघडू द्यायचे नाहीत. थंड असताना करते का गरम झाल्यावर? न्यूट्रलला करते? क्लच दाबला की जातो का येतो? न्यूट्रलला येणारा आवाज क्लच दाबल्यावर गेला तर बघ गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि दाबल्यावरच यायला लागला तर रिलीज बेअरिंग. एवढं विचारल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवणारा माणूस त्यांच्या मते हमाल. माझं गॅरेज आज ह्याच प्रश्नांवर चालतं. गिऱ्हाईक वैतागतं कधी कधी, "तुम्ही बघा ना काय ते" म्हणतं. पण मी विचारतोच.

तुमचे सर कसे होते? लिहा सवडीने.

कोथरूडकर
पुठ्ठा!! आम्ही थर्माकोल वापरायचो. ग्रीस लागलं की चिकट राडा नुसता.

डिझेलकाका
1-5-3-6-2-4.
ज्याला कळलं त्याला कळलं. सर वर्कशॉपच्या दारात उभे राहून विचारायचे, नाही आलं की बाहेरच थांबायचं. आता नातू विचारतो आजोबा तुमच्या फोनचा पासवर्ड काय, म्हटलं सहा सिलिंडरची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात तो क्रम. (बदलला आता, घाई करू नका.)

पुढे ॲप्रेंटिस म्हणून एसटीच्या दापोडी वर्कशॉपला होतो. तिथे इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवताना पहिल्याच दिवशी फोरमननी विचारलं, बोल्ट कुठून आवळणार? मी म्हटलं मधून बाहेर, आडवे-तिडवे, आणि एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने, शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरात आवळलं ते मोजणारा पाना. ते म्हणाले कुणी शिकवलं? आयटीआयचे सर म्हणायचे, भाकरी थापतो तसं मधून कडेला जा, कडेपासून सुरू केलंस तर मध्ये फुगवटा राहील आणि हेड गॅसकेट तिथूनच जाईल. भाकरी मला आजही थापता येत नाही, हेड बसवता येतं.

मी_पुणेरीच
काका, बायकोला दाखवू का हा प्रतिसाद? 😄

डिझेलकाका
नको. ती इथेच वाचनमात्र आहे.

चिंचवडची_शलाका
मी मोटार मेकॅनिक ट्रेडला होते, बॅचमध्ये मुलगी मी एकटीच. घाईत लिहितेय, कुकरची शिट्टी व्हायचीय.
पहिल्या आठवड्यात चाकाचा नट सुटेना. पोरं हसायला लागली. सर त्यांना काही बोलले नाहीत, मला म्हणाले पाना ढकलू नकोस, ओढ. ढकलताना नट अचानक सुटला तर बोटांची सालटी जातात, ओढताना तोल आपल्याकडे राहतो. आणि रिंग पाना घे, ओपन पाना नटाचे कोपरे खातो. सुटला नट. मग सर पोरांना म्हणाले, आता तुम्ही सगळे याच पद्धतीने करून दाखवा.
बाकी मुलगी म्हणून ना सूट दिली ना कौतुक केलं. इंजिनखाली झोपायची पाळी आली की माझी पण पाळी. आज सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, गिऱ्हाईक "मॅडम, मेकॅनिकला बोलवा" म्हणतं तेव्हा गाडीखाली वाकून मीच दाखवते कुठून गळतंय ते. चेहरे बघण्यासारखे असतात.

गॅरेजवाला_धनकवडी
ताई, हे भारी. मोठं लिहा ना यावर.

चिंचवडची_शलाका
लिहीन दादा, आधी पोराचा डबा.

रस्तापेठी_राजा
सगळ्यांनी सरांच्या आरत्या लावल्यात म्हणून दुसरी बाजू. मी एका खासगी आयटीआयचा. कुठली ते सांगत नाही. वर्षभर कानशीने एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी घासली, जर्नल उतरवून काढलं, सह्या झाल्या. शोकेसमधल्या कट सेक्शन इंजिनला हात लावायचा नाही, तुटेल म्हणून! मला मेकॅनिक केलं ते गल्लीतल्या उस्तादांनी. चेतकचं कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलायचे. आयटीआय न शिकलेला माणूस.

गॅरेजवाला_धनकवडी
राजे, खरं आहे. माझाही हात बसला तो गॅरेजातच. पण वायरिंग डायग्राम वाचायला मला कुठल्या उस्तादाने शिकवलं नाही, ते सरांनीच. त्याशिवाय आजची एक गाडी हातात धरता आली नसती. कानशीचं मात्र पटत नाही. पट्टी काटकोनात घासून व्हर्नियरने मोजायला लागलो तेव्हा समजलं की 0.02 मिलिमीटर म्हणजे काय चीज आहे. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची बारीक फट) "अंदाजे" ठेवणाऱ्यांचे व्हॉल्व्ह जळलेले पाहिलेत मी.

मी_पुणेरीच
चेतकचा विषय निघालाच आहे तर, वडिलांची पडून आहे. नाना पेठेत पार्ट मिळतील का अजून? 2020 मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली पण बाबांना तीच जुनी हवी, तिरकी करून किक मारायची.

रस्तापेठी_राजा
मिळतील. जुना पार्ट हातात घेऊन जा, फोटो नको. आणि गाडी घरी ठेवून चालत जा, तिथे पार्किंग मागणं म्हणजे चेष्टा.

निदेशक_मास्तर
मी स्वतः शिल्पनिदेशक आहे, एका सरकारी आयटीआयला. नाव नको. वाचून बरं वाटलं, राजे यांचा प्रतिसाद वाचूनही. सगळीकडे तसं नसतं एवढंच म्हणतो.

आताची अडचण वेगळी आहे. पोरांना वाटतं स्कॅनर लावला की झालं. मागे एका गाडीत स्कॅनरवर पी0171 हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पोरगं म्हणे ऑक्सिजन सेन्सर बदलू. म्हटलं सेन्सर तर बिचारा खरं सांगतोय, त्याला का काढतोस? इनटेककडचे होस बघ. रबर पाइप तडकला होता, मीटरने न मोजलेली हवा तिथून आत जात होती. किरकोळ किमतीचा पाइप. तो कोड मी आता फळ्यावर लिहून ठेवलाय आणि दरवर्षी नव्या बॅचला विचारतो, काय बदलाल? पहिलं उत्तर दरवर्षी तेच येतं.

इलेक्ट्रिक गाड्यांचं तर अजून सावकाश. नारिंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की हात मागे, हे आधी. बाकी नंतर.

एक_आई
मास्तर, मुलगा दहावीला आहे, गाड्यांचं वेड. घरचे म्हणतात डिप्लोमाच कर, आयटीआय नको. काय करावं?

निदेशक_मास्तर
ताई, मोटार मेकॅनिक दोन वर्षांचा आहे. तो झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे दार बंद होत नाही. आधी त्याला सुट्टीत एखाद्या गॅरेजात बसवा, हात काळे करून घरी खूश आला तर मग ठरवा.

गॅरेजवाला_धनकवडी
माझ्याकडे पाठवा. चहा मोफत.

कोथरूडकर
मास्तर आहेतच तर विचारून घेतो. डिझेल बीएस-6 आहे, डीपीएफचा (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलाय. ऑफिस जवळच, रोज कोथरूड ते डेक्कन.

निदेशक_मास्तर
तेच कारण. एवढ्याशा अंतरात एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, फिल्टर भरतो. दिवा नुसता लागला असेल, लुकलुकत नसेल तर रविवारी सकाळी हायवेला काढा. साठच्या वर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं, मध्ये बंद करू नका. मॅन्युअलमधलं त्या दिव्याचं पानही वाचा.

कोथरूडकर
नवीन कात्रज बोगद्यातून साताऱ्याकडे जाऊ का?

डिझेलकाका
जा, पण खेड शिवापूरच्या टोलच्या अलीकडून वळा.

रस्तापेठी_राजा
काका, टोलचे पैसे वाचवायला निघालाय, पण त्याला वीस मिनिटं चालवायचीय. जाऊ दे की पुढे, येताना अंजिरं आणेल.