लहान मुलांना देशाचा नकाशा आणि राष्ट्रीय चिन्हे कशी शिकवावीत?

प्रश्न: माझी मुलगी पहिलीत आहे. राष्ट्रीय पक्षी, प्राणी, फूल ही यादी तिला तोंडपाठ आहे. परंतु नाशिक, महाराष्ट्र आणि भारत यांपैकी काय कशाच्या आत येते, हे तिला उमगत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: गोदावरीपासून करावी. रामकुंडावर ती मुलांच्या परिचयाची असतेच. एकदा त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी दाखवून तिचा उगम सांगावा आणि मग भिंतीवरील मोठ्या नकाशावर मुलीलाच महाराष्ट्र, तेलंगणा व आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरापर्यंत, म्हणजे सुमारे १,४६५ किलोमीटर, बोट फिरवू द्यावे. अरबी समुद्र इतका जवळ असताना नदी उलट दिशेला का जाते, असे मूल बहुधा विचारतेच, आणि तेथे सह्याद्रीचा व दख्खनच्या पठाराच्या पूर्वेकडील उताराचा विषय आपोआप निघतो.

उत्तर २: चिन्हांसाठी एक नाणे पुरे. आपली राजमुद्रा ज्यावरून घेतली आहे, त्या सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावर सिंह चार आहेत, नाण्यावर मात्र तीनच दिसतात. चौथा कोठे आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. बाजारातील काही तक्त्यांवर हॉकी हा राष्ट्रीय खेळ म्हणून छापलेला असतो. केंद्र सरकारने कोणताही खेळ तसा घोषित केलेला नाही, त्यामुळे ती ओळ सरळ खोडावी.

उत्तर ३: राज्याचीही चिन्हे सांगावीत, परंतु त्याच दिवशी नव्हे. भारताचा मोर आणि महाराष्ट्राचा हरियाल, भारताचा वाघ आणि महाराष्ट्राचे शेकरू, अशा जोड्या लावल्या की देशात राज्य असते हे मुलीला समजू लागेल.