पंधरा दिवस आधीचा वादळाचा अंदाज खरा ठरला की नाही, हे मोजायचं कसं?

कलमवाला
मंडळी, दापोलीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. २०२५ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर एकामागून एक फॉरवर्ड येत होते, अरबी समुद्रात 'शक्ती' वादळ होणार, २३ ते २८ मेच्या दरम्यान धडकणार वगैरे. आम्ही घाबरलो आणि राहिलेला आंबा पुरता तयार व्हायच्या आधीच काढून मिळेल त्या भावाला घालवला. शेवटी २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळापेक्षा कमी जोराची प्रणाली, किनाऱ्याला लागलं, पाऊस धो धो पडला पण चक्रीवादळ काही झालं नाही. तेव्हापासून मी वही केलीय, कुणी कधी काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय झालं. पण पहिल्याच नोंदीला अडलोय. भाऊ म्हणतो अंदाज बरोबर, तारीख आणि जागा दोन्ही जमलं. मी म्हणतो साफ चूक. तुम्ही काय धराल?

वाराफिरला
दोघंही बरोबर आहात, कारण "बरोबर" म्हणजे काय ते आधी ठरवलंच नव्हतं. हवामान खात्याच्या हिशोबात वारा ताशी ३१ ते ४९ किमी असेल तर डिप्रेशन, ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ. त्यामुळे जागा, तारीख आणि जोर यांचे तीन वेगळे रकाने करा आणि चौथ्यात किती दिवस आधी सांगितलं ते लिहा, हा रकाना नसेल तर वहीचा उपयोग नाही, दोन दिवस आधीचा आणि बारा दिवस आधीचा अंदाज एका तराजूत घालता येत नाही. आणि फॉरवर्ड कशाला मोजता, खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचं बुलेटिन काढतं, वादळ तयार व्हायची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त ते त्यात असतं, ते उतरवून ठेवा. 'शक्ती' हे नाव तर त्या वर्षी ऑक्टोबरमधल्या वादळाला मिळालं, मे मधे त्या नावाचं काही नव्हतंच.

आकडेमोड
फक्त टक्केवारी काढू नका, फसाल. १८८४ मधे अमेरिकेत फिनले नावाच्या लष्करी हवामान अधिकाऱ्याने टोर्नेडोचे २८०३ अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर आले असं सांगितलं. मग गिल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की रोज नुसतं "टोर्नेडो येणार नाही" म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते! कारण त्यातले २६८० "नाही" म्हणून सांगितलेले आणि झाले पण नाहीत असे होते. "येणार" असं १०० वेळा सांगितलं त्यात २८ वेळा आला, ७२ वेळा नाही, आणि न सांगता २३ वेळा आला. म्हणून या तिन्हींची बेरीज १२३, त्यापैकी २८, साधारण २३ टक्के, हा खरा हिशोब. कोकण किनाऱ्याचं पण तसंच, वादळ इतकं क्वचित येतं की "नाही येणार" म्हणणारा जवळजवळ कायम जिंकतो. त्या शांत दिवसांचे मार्क कुणालाच देऊ नका.

सुपारीची_वाडी
मी श्रीवर्धनची. निसर्ग वादळात आमची निम्मी वाडी झोपली, तीस तीस वर्षांच्या सुपाऱ्या एका दुपारी गेल्या. ३१ मे २०२० ला कमी दाबाचं क्षेत्र, १ जूनला डिप्रेशन आणि ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर, एवढ्या लवकर सगळं झालं. उलट २०१९ चं वायू, गुजरातेत सुमारे तीन लाख माणसं हलवली आणि ते किनाऱ्याजवळून वळून समुद्रातच राहिलं. वहीत ती चूक लिहाल, पण माणसं हलवली ते बरोबरच केलं असं मी म्हणेन. दादा, तुमचा आंबा गेला त्याचं वाईट वाटतं, पण खोटा इशारा आणि न मिळालेला इशारा यांना सारखी फुली मारू नका.

आकडेमोड
ताई अगदी खरं. त्यात एक भर, "शक्यता ३० टक्के" असं असेल तर एका वेळेवरून बरोबर चूक ठरवताच येत नाही. असे ३० टक्केवाले सगळे अंदाज एकत्र काढायचे आणि दहातले तीनच्या आसपास झाले का ते बघायचं. त्याला दोन चार वर्षं तरी जातील. मोसमी पावसाचं पण बघा, २०१९ च्या एप्रिलमधे खात्याने सरासरीच्या ९६ टक्के सांगितला होता, झाला ११०. २०२४ ला १०६ सांगितला, झाला १०८. एकच वर्ष धरून बसलं तर कुणी डोक्यावर घेईल, कुणी शिव्या देईल.

कलमवाला
सगळ्यांचे आभार, ताई तुमचं विशेष. आज बसून पहिलं पान परत लिहिलं: जागा जमली, तारीख जमली, जोर चुकला, आणि शेजारी "फॉरवर्ड, खात्याचा नाही" असं लाल पेनने. खोटा इशारा आणि न मिळालेला इशारा आता वेगळ्या पानांवर. ऑक्टोबर २०२५ च्या आधीची गुरुवारची बुलेटिनं कुणी डाउनलोड करून ठेवली असतील तर टाका ना इथे, 'शक्ती' किती दिवस आधी दिसायला लागलं होतं ते मला उतरवायचंय.