पुणे: कॅफेसमोरच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडायची आहेत, परवानगी कुठून सुरू करायची?

उकडपेंडी:
डेक्कनजवळ चार मजली इमारतीत तळमजल्याचा गाळा भाड्याने घेतोय. दर्शनी रुंदी 9 मीटर. शटरपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत साडेचार मीटर मोकळी जागा, त्यापुढे फुटपाथ. भाडेकरारात ‘पुढील मोकळ्या जागेच्या वापरासह’ असं वाक्य आहे. तिथे सहा टेबलं आणि वर पत्र्याची शेड टाकायची आहे. शॉप अ‍ॅक्ट आणि अन्न परवाना निघालाय. एजंट म्हणतो, महापालिकेत वर्षाचे पैसे भरले की पावती मिळते, तीच परवानगी. हे खरं आहे का?

नकाशावाचक:
पावती कसली, ते एजंटला आधी विचारा. बहुतेक वेळा ती शास्तीची, म्हणजे दंडाची निघते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही हे त्याच कलमात लिहिलं आहे. पावती दाखवली तरी पाडायला येणारे येतात.

सुरुवात मंजूर नकाशापासून करा. बांधकाम विकास विभागातून मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्राची (इमारत वापरायच्या परवानगीची) प्रत काढा. मालक देत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, मुदत 30 दिवस. नकाशात त्या साडेचार मीटरवर काय लिहिलंय ते पाहा. ‘फ्रंट मार्जिन’ म्हणजे सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटच्या हद्दीमधली मोकळी पट्टी) असेल, तर ते मोकळं ठेवण्याच्या अटीवरच इमारत मंजूर झाली आहे. पार्किंग दाखवलं असेल तर विषय तिथेच संपला. गाळ्याला जोडलेली ओटी किंवा व्हरांडा असं दाखवलं असेल तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

करारातलं ते वाक्य फारसं कामाचं नाही. अपार्टमेंट असेल तर मोकळी जागा सगळ्या सदनिकाधारकांची सामाईक असते. एका गाळ्याच्या मालकाने ती भाड्याने द्यायची म्हणजे जिन्याचं भाडं लावण्यासारखं आहे.

कलमकसाई:
फुटपाथचंही सांगून टाकतो, कारण टेबलं हळूहळू तिकडे सरकतातच. फुटपाथ हा सार्वजनिक रस्त्याचाच भाग. तिथे ठेवलेली वस्तू महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 खाली नोटीस न देताही उचलता येते. खुर्च्या सोडवायला अतिक्रमण विभागात जावं लागतं, वर दंड.

‘तात्पुरतं आहे, चालतं’ हाही गैरसमज. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 मध्ये अनधिकृत तात्पुरत्या बांधकामासाठी वेगळं कलम 55 आहे, कायमच्या बांधकामाला कलम 53 ची नोटीस. वापरातला बदलसुद्धा ‘विकास’ या व्याख्येत बसतो, त्यामुळे पत्रा न टाकता नुसती टेबलं मांडली तरी सुटका नाही. पावसाळी आच्छादनाला तात्पुरती परवानगी मिळते, पण ती पाण्यापासून बचावासाठी. तिच्याखाली गिऱ्हाईक बसवलं की अटीचा भंग होतो.

उकडपेंडी:
म्हणजे बाहेर बसवणं विसरायचं?

ओळंबा:
नाही. बाहेर जाण्याऐवजी आत या! शटरची रेषा अडीच मीटर मागे घ्या आणि काच तिथे लावा. पुढची पट्टी तुमच्याच चटईक्षेत्रातली, पण समोरून उघडी. सामासिक अंतराला हात लागत नाही, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधलं याचं प्रमाण) वाढत नाही. आतली सुमारे 240 चौरस फूट जागा मात्र बाहेरच्या बैठकीत जाते, तेव्हा भाड्याचं गणित आधी मांडा.

9 मीटरमधून दारासाठी दीड मीटर सोडा, उरले साडेसात. 60 × 60 सेंमीचं दोघांचं टेबल आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मिळून दीड मीटर, मध्ये 30 सेंमी फट. चार टेबलं, आठ माणसं. सहा बसवायला गेलात तर वेटर ट्रे डोक्यावर धरून चालेल. टेबलांपुढे 120 सेंमी वाट ठेवा म्हणजे चाकाची खुर्चीही जाते.

फरशीला बाहेरच्या दिशेने 1:80 उतार द्या आणि नवीन काचेच्या चौकटीखाली 25 मिमीचा उंबरा. तो नसला तर पहिल्या वळवाला पाणी काउंटरपर्यंत येतं. फरशी धुतलेलं पाणी पावसाळी गटारात सोडू नका, गाळणीची जाळी लावून सांडपाण्याच्या चेंबरला जोडा. उघड्या भागातले दिवे आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाणारे), आणि त्या सर्किटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं स्विच.

कॉलम-बीमला हात लावायचा नाही. दर्शनी भाग बदलतो, म्हणून एमआरटीपीच्या कलम 43 मधल्या किरकोळ दुरुस्तीच्या सवलतीवर विसंबू नका. परवानाधारक आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा दाखल करा, सोबत मालकाची संमती आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र.

नकाशावाचक:
ओळंब्यांशी सहमत. सोसायटीचं पत्र ठरावाच्या प्रतीसह घ्या. नुसत्या सेक्रेटरीच्या सहीचं पत्र पुढची कमिटी मानत नाही.

चिमणीखालचा:
नकाशा बदलला की बाकीचे परवानेही त्याच्यामागून बदलावे लागतात, हे बरेच जण विसरतात.

तंदूर किंवा चाटचा काउंटर बाहेर आणणार असाल तर फॉसकॉसवर (अन्न परवान्याचं सरकारी पोर्टल) परवान्यात फेरबदलाचा अर्ज आणि नवा आराखडा. बाहेर सिलिंडर नकोच. एफएल-3 (मद्य देण्याचा परवाना) असेल तर उत्पादन शुल्कच्या मंजूर नकाशात जी जागा आहे तिथेच मद्य देता येतं. काचेबाहेरची पट्टी त्यात नसेल तर तिथे बिअरचा एक ग्लासही भंग ठरतो, मग टेबलं कितीही कायदेशीर असोत.

अग्निसुरक्षेच्या व्यवस्थेसाठी परवानाधारक संस्थेकडून नमुना ‘अ’ (व्यवस्था बसवल्याचा दाखला), नंतर दर जानेवारी आणि जुलैत नमुना ‘ब’ (ती चालू स्थितीत असल्याचा दाखला). छताला बांबू, ताडपत्री, प्लास्टिकची वेल काहीही नको. मुंबईत 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जण गेले, तिथे गच्चीवरच्या असल्याच आच्छादनाने आग झपाट्याने पसरली.

वर लोक राहतात ना? मग उघड्या भागात स्पीकर लावूच नका. निवासी क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल, आठ माणसांच्या नुसत्या गप्पाही त्याच्या वर जातात. पहिली तक्रार दुसऱ्या मजल्यावरून येते, महापालिकेकडून नाही.

उकडपेंडी:
नकाशाचा अर्ज उद्याच टाकतो. करारावर अजून सही केलेली नाही.

कलमकसाई:
मग नकाशा हातात येईपर्यंत करू नका. आणि करायचाच झाला तर त्यात एक कलम घाला: सुधारित नकाशा नामंजूर झाला तर अनामत पूर्ण परत आणि नोटीस पिरियड नाही.